खिरीच्या गंजातली चिली

हुडकेश्वर, नागपूर
गुरुवार, संध्याकाळ

आदरणीय अंजनाबाई यांना रविंद्रचा सविनय जय भीम.

मायाने उद्याचं परतीचं तिकीट रद्द केलं आहे. आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मोनालीने फोनवर याला दुजोरा दिला आणि मागून मायाचा आवाजही ऐकू आला, तेव्हा बातमी पक्की धरायला हरकत नाही. तुमची धाकटी बहीण आता पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत, म्हणजे मोनालीच्या सासूबाई येईपर्यंत, बंगळुरूलाच राहील. नात बरी आहे आणि दिवसा झोपते. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? नवीन तेल लागू पडलं असेल तर नाव कळवा. पडलं नसेल तरी कळवा, म्हणजे आमच्या शेजारच्या नानाजींना (वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही) ते घेण्यापासून वाचवता येईल. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन स्पीकरवर असतो, तुमचा विक्की तो ऐकतो आणि चहा निवायच्या आत सगळं नातेवाइकांच्या ग्रुपवर येतं. म्हणून पत्र. नानाजींची नात मिनल तुमच्या उमरेडच्या शाळेत शिकवायला रोज येते, ती उद्या हे तुमच्या हातात देईल.

तिकीट रद्द कसं झालं, ते तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं, कारण बाकीच्यांकडून जे कळेल त्यात माणसांचा आकडा जास्त असेल.

माया जाऊन अठरा दिवस झाले. मोनालीचं बाळंतपण ऑपरेशनने झालेलं, तिला अजून पाळण्यापर्यंत वाकता येत नाही, घरात दुसरं कोणी नाही. असं असताना आमच्या वंदनाबाईंनी (मिनलच्या आई, स्वभावाने अतिशय सरळ) मायाला फोनवर सांगून टाकलं की भाऊजी तीन दिवसांपासून पोहेच खाऊन राहिले. मायाने त्याच संध्याकाळी तिकीट काढलं. मी म्हणालो, येऊ नकोस, मी स्वयंपाक करू शकतो. यावर ती म्हणाली, "बत्तीस वर्षांत तुम्ही गॅसवर चहा तेवढा ठेवला, अन् तोही मलेच उतरवा लागला." शेवटी तडजोड झाली. बुधवारी रात्री आठ वाजता मी पूर्ण जेवण करून व्हिडिओवर दाखवायचं आणि नानाजींनी ते तिच्यासमोर खायचं. कॅमेरा आपण दाखवू तेच दाखवतो, पण नानाजी वाईट अन्नाला चांगलं म्हणत नाहीत. स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना भाजी खारट असल्याचं पंगतीतच कळवलं होतं. ते जेवले तर माया राहणार, नाही तर शुक्रवारची गाडी आणि मोनाली एकटी.

मी प्रशिकला विचारलं. तो तिकडे टेक्सासात कामावरून थकून आला की चिली नावाचा पदार्थ करतो. कांदा, लसूण, टमाटे, राजमा, खिमा आणि तिखट एकाच भांड्यात घट्ट शिजवायचं. "बाबा, अर्ध्या तासाचं काम आहे," तो म्हणाला, "दोन माणसांना एक वाटी राजमा, बस." दोन माणसांचं केलं असतं तर हे पत्र इथेच संपलं असतं.

पण ओट्यावर अकरा डबे होते. माया गेल्यापासून गल्लीतल्या बायकांनी मला उपाशी राहू दिलेलं नाही (पोह्यांचे ते तीन दिवस म्हणजे सगळी गल्ली एकाच लग्नाला गेली होती). कोणी वरण पाठवलं, कोणी झुणका. त्यात तिळाच्या चटणीचा एक डबा तुमचाही. आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्ही शिकवलं होतं, जरा कडक शब्दांत. भरायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून डबे साठले होते. विचार केला, मायाची परीक्षा आणि डब्यांची फेड एकदाच होऊन जाऊ द्या. अकरा डबे, डब्याला दोन माणसं, म्हणजे बावीस. नानाजी आणि मी धरून चोवीस. बारा वाट्या राजमा. अकरांपैकी तीन घरी मांसाहार चालत नाही, म्हणून खिम्याऐवजी सोयाबीनच्या वड्यांचा चुरा घेतला. हिशेब बिनचूक होता. फक्त प्रशिकची वाटी डबाबंद, शिजलेल्या राजम्याची होती आणि माझी कोरड्या.

मंगळवारी भिजत घातलेला राजमा बुधवारी सकाळी पातेल्याच्या काठावर येऊन बसला होता. अर्धा दुसऱ्या पातेल्यात काढला, तर दुपारपर्यंत तेही भरलं. सोयाबीनचा चुरा तेवढा निमूटपणे भिजेल असं वाटलं होतं, पण त्यानेही राजम्याचं पाहून घेतलं. वंदनाबाई डोकावल्या. "भाऊजी, इतका राजमा काहून भिजवला? घरी मांडव टाकून राहिले का?" मी त्यांना शांतपणे परिस्थिती समजावून सांगितली आणि एवढं सगळं शिजवायला भांडं कुठलं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "आता विहारातला गंजच पुरन तुम्हाले."

तो गंज तुम्ही पाहिला आहे. बुद्धपौर्णिमेची खीर ज्यात होते, दोघे मिळून उचलतात तो. मी रीतसर मागून आणला. ई-रिक्षाच्या मागच्या सीटवर गंज बसला, मी पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून, आणि आम्ही हुडकेश्वरची सगळी वस्ती सावकाश पार केली. माझी खरी चूक ही. राजम्याची चूक माझ्या घरातली होती. ही मी सर्वांना दाखवत आणली. तो गंज खीर सोडून एकाच कारणाने विहाराबाहेर पडतो, कोणाकडे जेवण असलं की. ज्याच्या दारात गंज उतरला त्याच्याकडे संध्याकाळी ताट घेऊन जायचं, वेगळं आमंत्रण द्यायची पद्धत नाही. मी स्वतः वीस वर्षं असाच कितीतरी घरी जेवलो आहे. तरी काल रिक्षा पाहून लोक हात करत होते तेव्हा मला वाटलं, नातीबद्दल अभिनंदन करत असतील. (तेही करत होतेच.)

गंज गॅसवर बसेना. अंगणात विटा मांडल्या, लाकडं पेटवली आणि प्रशिकचं अर्ध्या तासाचं काम दुपारी तीनला सुरू झालं. फोडणीपर्यंत मी ठीक होतो. तिखट प्रशिकने सांगितलेल्याच्या बारा पट घ्यायला निघालो, तेव्हा वंदनाबाईंनी माझा हात धरला. "तिखट माणसावर नाही मोजत भाऊजी, गंजावर मोजतात." आणि चमचा काढून घेतला. नानाजी खुर्ची टाकून बसले होते. शेवटी मी काळ्या चॉकलेटचे तुकडे टाकू लागलो (पाककृतीत आहे, मी मनाने काही केलेलं नाही), तेव्हा ते म्हणाले, "चॉकलेट टाकून राहिला का गा तू?"

"अमेरिकेत टाकतात, नानाजी."

"तिकडे त्याहिले सांगणारं कोणी नसन."

साडेसातला कोपऱ्यावरच्या जिजाबाई ताट घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. "नातीचं जेवण आहे म्हणे. तिखट कमी आहे ना गा?" त्यांच्या मागे त्यांची सून, तिच्या मागे विहारात भेटणारी मंडळी, सगळ्यांच्या हातात ताटं. पावणेआठपर्यंत चाळीस झाली. हे नातीचं जेवण नसून माझी परीक्षा आहे, असं चाळीस ताटांना सांगता येत नाही. मी हो म्हणालो. वंदनाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तांदूळ धुवायला घेतले.

आठ वाजता मायाचा फोन आला. तिला आधी मी दिसलो, मग गंज, मग अंगण. ती वंदनाबाईंना म्हणाली, "काय वं वंदना, माझ्या नातीचं जेवण, अन् मलेच फोनवर दाखवून राहिले?" आवाज असा होता की ही आजच निघते, असं मला वाटलं. मी राजमा, वाटी आणि डबे असं क्रमाने सांगू लागलो, पण जिजाबाईंनी फोन माझ्या हातून घेतला आणि बाळ दाखव म्हणाल्या. मोनालीने बाळ आणलं. मग फोन ताटांवरून हातोहात फिरला, बायकांनी पडद्याची दृष्ट काढली, मायाला टाके, दूध आणि डिंकाचे लाडू यांवर सल्ले मिळाले आणि सगळ्यात शेवटी ती नानाजींपर्यंत पोचली. ते जेवत होते.

"नानाजी, खरं सांगा. कसं आहे?"

नानाजींनी तोंडातला घास संपवला. "राजमा घट्ट आहे. चॉकलेट समजत नाही, ते बरं आहे. मी दुसऱ्यांदा घेतलं." मग पुढचा घास कालवत म्हणाले, "तू पोरीकडे पाहा माय. याले आम्ही पाहतो."

निघताना बायकांनी ओट्यावरचे आपापले डबे ओळखून उचलले आणि गंजातून भरून नेले. उरलेला एक तुमचा, मिनलसोबत येत आहे. गरम करून भाकरीशी खा. दुसऱ्या दिवशी चव वाढते, असं प्रशिक म्हणतो. नानाजींनी आज सकाळी येऊन ते तपासून पाहिलं आणि नाही म्हणाले नाहीत.

घरातल्या लहानमोठ्यांची विचारपूस करतो. विक्कीला हे पत्र दाखवू नका.

आपला,
रविंद्र

ता. क. डबा कृपया रिकामा परत पाठवावा. तुम्ही ऐकणार नाही हे माहीत आहे, तरी लिहून ठेवलं.

ता. क. दुरुस्ती: वर संध्याकाळी सहानंतरच्या मजकुरात स्वयंपाक मी केला असं कुठे वाटत असल्यास तिथे वंदनाबाई असं वाचावं. मायाला हे समजण्याची गरज नाही.

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. माया तिकडे राहिली हे योग्यच झालं, आणि मी त्यासाठीच धडपडत होतो. पण सकाळी फोनवर मागून तिचा आवाज आला, एवढंच मी वर लिहिलं. ती काय म्हणाली ते लिहिलं नाही. ती म्हणाली, "चला, एक काळजी मिटली," आणि लगेच बाळाची टोपी शोधू लागली. बत्तीस वर्षांची काळजी एका राजम्यात मिटते, हे मला अजून पटलेलं नाही. रविवारी दहाच्या सुमारास ती तुम्हाला फोन करील आणि माझ्या जेवणाचं विचारील, कारण शेवटचा शब्द ती तुमचाच मानते. सांगा की डबा मिळाला, चांगला होता, रविंद्र नीट जेवतो आहे. फक्त 'नीट' म्हणण्याआधी थोडं थांबा. फार नको, तिने तिकीट काढू नये, पण आणखी एकदा विचारावं.