बांधावरचा तरोटा

३ जुलै १९७४
पालमहून एसटीने आलो. कंडक्टरने माझी ट्रंक, सूक्ष्मदर्शक आणि रद्दीचा गठ्ठा सरळ चिखलात उतरवला. तरीही आज मी खूश आहे. आमचे विभागप्रमुख दिनकरराव यांच्यापासून पावसाळाभर सुटका! मागच्या वर्षी मी शोधलेल्या गवतावर त्यांनी स्वतःचं नाव टाकलं आणि मला मोठ्या मनाने चहा पाजला. या खेपेला जे सापडेल ते माझं. गीताबाई नावाच्या म्हातारीने ओसरीलगतची खोली दिली. देण्याआधी आडनाव विचारलंच. बायको, रुख्मिणी, माहेरी सेलूला आहे. लेक चार महिन्यांची झाली, अजून दात नाही पण हसते म्हणे तोंडभर.

७ जुलै
सापडलं! नाल्याकडेच्या बांधावर तरोटा माजलाय, पण हा आपला तरोटा नव्हे. पानं जाड, देठ लालसर, लव दाट. तरोटा दिवस कलला की पानं मिटून घेतो, हा सताड उघडा राहतो. अर्थात एवढ्याने काही ठरत नाही. चांगल्या मातीतलं रोपही जाडजूड होतं. पण कधीकधी बी धरताना गुणसूत्रं दुप्पट होतात आणि एका पिढीत नवी प्रजाती उभी राहते. मग ती जिच्यापासून निघाली तिच्याशीही फळत नाही. फुलं आली की तरोट्याचा पराग हिच्यावर टाकून बघायचा. शेंग धरली नाही तर ही वेगळी. नाव आईचं देणार. बायनाबाईने जन्मभर लोकांच्या रानातला तरोटा उपटला, एवढं तरी तिचं व्हावं. एक रोप मुळासकट काढून नमुना म्हणून रद्दीत दाबून ठेवलं.

११ जुलै
गीताबाई आज म्हणाली, "त्या बांधाची भाजी खाऊ नका, मास्तर. लिंबाजीच्या घरानं खाल्ली, अन् ते आमच्यातले राहिले न्हाईत."
माझं डोकंच फिरलं. आमच्यातले! हा शब्द मी पाळण्यापासून ऐकतोय. आम्ही बौद्ध झालो त्याला अठरा वर्षं झाली, यांचं खाण्यापिण्याचं सोवळं काही सुटत नाही. लिंबाजी कोणत्या वस्तीतला हे विचारायचीही गरज वाटली नाही. तिच्यादेखत त्या नव्या तरोट्याचे कोवळे शेंडे खुडून आणले, लसूण-मिरचीची फोडणी दिली आणि भाकरीशी खाल्ले. चव झकास. आता रोज खाणार.

२० ऑगस्ट
फुलं आली. कळ्यांतले पुंकेसर चिमट्याने काढून टाकले, तरोट्याचा पराग लावला, वर कागदी पिशव्या बांधल्या. हिचे परागकण भिंगाखाली तरोट्याच्या कणांहून चांगलेच मोठे दिसतात. एक गंमत लिहायची राहिली. नाल्याकाठी डासांनी सगळ्यांना फोडून काढलंय, मला एकही चावत नाही. गावातली कुत्री भुंकायची थांबली. सवय झाली असेल.

४ सप्टेंबर
पिशव्यांतली फुलं गळून पडली, शेंग एकही नाही. प्रजाती वेगळी! दिनकररावांनी आता बसावं हात चोळत. गीताबाईला सांगायला गेलो. ती ज्वारी पाखडत होती. दोन-तीन हाका मारल्या तरी तिने मान वर केली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकून माझ्या आसपास कुणाला तरी शोधत राहिली. मग कुठे ओळख पटली.
लिंबाजी कोण, हे शेवटी विचारलं. तिचा सख्खा भाऊ. बहात्तरच्या दुष्काळात बायकापोरांसह तीच भाजी खाऊन राहिला. आधी बैल त्यांना ओळखेनात, मग माणसं. तो गेला कुठे, विचारलं. तिने बांधाकडे बोट केलं. "तवा तिथं एकच झाड होतं."

९ सप्टेंबर
कुणी कुणाला वाळीत टाकलं नव्हतं. अपमान इतका अंगवळणी पडलाय की मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. चूड लागो त्या सवयीला.
दिवस कलला तरी डोळे मिटत नाहीत. पापण्या जाड झाल्यात.
रद्दीतला नमुना काढला. अजून वाळलेला नाही. ओला, गार — मी कुणाला दाबून ठेवलंय?

१३ सप्टेंबर
बोटांना पिवळी पूड. धुतली. पुन्हा आली.
ती बोटं बांधावरच्या ज्या फुलांना लागली, तेवढ्यांनाच शेंगा —

१७ सप्टेंबर
लेकीच्या उष्टावणासाठी इकडे येऊ नको म्हणून रुख्मिणीला पालमहून तार करायची होती. हात करत रस्त्याच्या मध्ये उभा राहिलो. एसटी थांबली नाही. अंगावरच आली. पुढचीही —

२१ सप्टेंबर
आली. लेकीचं उष्टावण बापाच्याच हातून, हा तिचा हट्ट.
मी हात धरला तेव्हा कुठे तिला दिसलो. मग तो हात हातात घेऊन बसली. म्हणाली, "तुमचा वासच येईना. जवळ बसून बी जवळ असल्यागत वाटंना."
लेकीला मांडीवर घेतलं. हसली नाही. रडलीही नाही. माझ्यातून पलीकडच्या भिंतीकडे —

२२ सप्टेंबर
खीर झाली. रुख्मिणी मला हाका मारत अंगणात गेली. मी इथेच आहे. चटईवर, लेकीसमोर. ओ दिली — तिने ऐकली नाही.
लेकीने एकदा ओळखावं. बाकी काही नको, नाव नको, काही नको —
माणसाला माणसातून काढू नका, हेच मी आयुष्यभर —
खाईल तो आमच्यातला, त्याला मी दिसेन. शेंडा कोवळा आहे. चुरला तर खिरीत कळायचाही नाही. बापाच्या हातचा पहिला घास —
तोंड उघडलं तिने.
गिळला.
ती माझ्याकडे बघ—