खडखडीत वाळवलेला दात

तीर्थस्वरूप आईस,
इथूनच वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे आणि वेळेवर जेवते. तुझे पहिले दोन प्रश्न निकालात.

प्रयोगशाळेत दिवसभर वृषभराजांच्या उपटलेल्या दातांना चिकटद्रव्य लावते आणि यंत्राने ओढून बघते. धुतलेला दात जोराच्या हवेने खडखडीत वाळवला, तर आतली बारीक जाळी चपटी होते, द्रव्य मुरत नाही आणि लावलेलं सुटतं. तोच कापसाने टिपून किंचित ओलसर ठेवला, तर ओढून ओढून यंत्र दमतं.

तुझ्या पुढच्या दाताला चिकटवलेला तुकडा परत पडला म्हणे. हसताना तोंडावर हात धरतेस का अजून? शेजारी जाणंही सोडलंस?

आपल्या दंतवैद्य चिरंजीवांना मी फोनवर हे सगळं सांगितलं. म्हणाले, “ताई, तू बैलांचं बघ, आईचं मी बघतो.” तुला सांगावं, तर तुझं ठरलेलं, “किती मनापासून करतो गं तो!”

सोमवारी तो तुकडा पुन्हा बसवणार. दात वाळवायला तो नेहमीसारखी जोराची हवा मारेल तेव्हा तुझं तोंड उघडं असेल, बोलता येणार नाही. आणि मिटलं की तू बोलणार नाहीस. मी इतक्या लांबून काय करू, तूच सांग.

तुझी,
थोरली