समुद्रातून काढलेला माणूस

६ जानेवारी २०२५, देवास
उदाजीकाका बुडाले नव्हते!

माझ्या भाच्याने, हर्षितने, समाजाच्या ग्रुपवरचा मेसेज दाखवला. ओडिशातल्या गोपाळपूरची कोणी गुंजन विचारतेय — १९४४ साली, महायुद्धात, एक विमान समुद्रात पडलं. पायलटला तिच्या आजोबांनी होडीत ओढून घेतलं. नाव उदाजीराव, गाव देवास. दोन दिवसांनी फौजेची गाडी येऊन घेऊन गेली. पुढे घरी पोचला का? गुंजनची आई तेव्हा नऊ वर्षांची. तिनेच त्याला पेज पाजली होती. आता नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली. रोज तेच विचारते.

आणि आमच्या वंशावळीत बाबांच्या, मोरोपंतांच्या, नावाआधी थोरल्या भावाचं नाव स्वच्छ लिहिलंय : उदाजीराव, समुद्रात वारले, १९४४. मग गाडीत बसून गेले कुठे?

७ जानेवारी
हर्षित म्हणतो, "मावशी, लिख दो ना, पोचले म्हणून. म्हातारीला बरं वाटेल." चांगला झापला. मरणाच्या दारातल्या बाईला थाप मारायची?

९ जानेवारी
गुंजनचा फोन. आईने अन्न सोडलंय. उद्याच धारला जाते, पार्वतीआत्याकडे. काकांना पाहिलेलं माणूस तेवढंच उरलंय.

१० जानेवारी, धार
आत्याला ऐकू कमी येतं, डोकं मात्र शाबूत. ओरडून ओरडून सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"अगं, बुडाल्याची तार आली नि तुझ्या आजोबांना, आमच्या आप्पांना, दम धरवला नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला, तेरावं उरकलं. महिन्याने हा दारात उभा! दिवस घातलेला माणूस घरात घ्यायचा कसा? गुरुजी म्हणाले, पुन्हा जन्माला घाला. तुपाने न्हाऊ घातला, बावीस वर्षांचा घोडा आईच्या मांडीवर निजवला, बारसं केलं. त्याच्या कानात कुर्र मीच केलं, बारा वर्षांची मी! जुनं नाव पुन्हा घ्यायचं नाही, अशी सगळ्यांना शपथ. आज मोडली."

"नवं नाव काय ठेवलं?"

आत्याने माझी हनुवटी धरली. "मोरोपंत."

१० जानेवारी, संध्याकाळ
गुंजनने फोन आईच्या कानाला लावला. मी हिंदीत सांगितलं — घरी पोचले ते. मी त्यांची मुलगी बोलतेय.