हैबतरावाचं अर्धं पातं

रामवाडी, पेण
१२ मार्च १९९६

चि. जनूस सीताअक्काचे पोटभर आशीर्वाद.

तू कंपाउंडर, डॉक्टरांना विचारून कळवलंस की मैनाच्या हातच्या पापडांनी कोणाला काही होत नाही. माझी पोर नवरा गमावून बसली, त्याचा तो एड्सचा आजार रक्तात घेऊन. आणि हैबतरावाने, पापड विटाळतील म्हणून, कारखान्यातून तिचं पोळपाट उचलायला लावलं. मालक ना! मी त्याला सोडायची नाय.

काल चक्कीवर गाठला. सहज म्हटलं, नाथा न्हावी एक पातं मोडून दोघांची दाढी करतो. आमच्या जावयामागून खुर्चीत तुम्हीच बसायचात ना? त्याचा हात हनुवटीवर गेला तो खाली येईना. मी घरी येऊन एक भाकरी जास्त खाल्ली.

माया पातळ करू नकोस.
तुझी अक्का

रोहा
१९ मार्च

ती. सीताअक्काच्या पायांवर डोके ठेवून जनूचा नमस्कार.

अक्का, हे बरं नव्हे. मोडलेली दोन्ही अर्धी कोरीच असतात, एक वापरलं की नाथा टाकून देतो, हे तूच मला सांगितलंस. हैबतराव काल इथे दवाखान्यात रक्त तपासून घ्यायला आला होता, दाढी वाढलेली, डोळे खोल. पात्याखेरीज भीतीचं दुसरं काही कारण आहे का विचारलं तर खवळला, आपण घरंदाज म्हणाला, आणि रक्त न देताच गेला. त्याला खरं सांगून टाक.

रागावलीस तरी आठवण ठेव.
तुझा जनू

रामवाडी, पेण
२८ मार्च

चि. जनूस आशीर्वाद, मैनाचा नमस्कार.

सांगितलं, पण फुकट नाय. पात्याचं पुढचं ऐकायचं तर आधी मैनाला कामावर घ्या आणि तिने लाटलेला पापड सगळ्या बायांदेखत खा, अशी अट घातली. खाल्लान. घास गिळतानाचं तोंड बघायला तू हवा होतास! मग खरं सांगितलं. वाचलो म्हणून हसत सुटला.

त्याची बायको गिरजाबाई हसली नाय. संध्याकाळी मागच्या दाराने आली. म्हणाली, सीताबाय गो, पात्याचं भ्या मला नव्हतंच, हे दर शनिवारी कोलाडच्या लॉजवर जातात, त्याचं काय? मैनाने तिला पाणी दिलं. तिने भांडं तोंडाला लावून प्यायलं.

सोमवारच्या एस.टी.ने ती रक्त तपासायला तुझ्याकडे येतेय. मैना सोबत आहे, तिला वाट ठाऊक आहे.

हैबतरावासाठी मी पुन्हा चक्कीवर उभी राहणार आहे. या वेळी पात्याची गरज पडायची नाय.

दोघींना जेवू घाल.
तुझी अक्का