फाटकापर्यंत

कोल्हापूर,
ता. ९ डिसेंबर १९७४

प्रिय एस्तेर,
प्रभू तुला आणि पोरींना सांभाळो.

मी बरा हाय. हात कापायचे थांबलेत, अक्षर बघ की. जेवणही जातंय.

दारू सुटंपर्यंत मला इथं मिशनच्या दवाखान्यात कोंडून ठेवा, असं मीच आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं होतं. तरी गेल्या आठवड्यात दारावर लाथा घातल्या. किल्ली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या नर्स सगुणाबाईंना नको ते बोललो. त्या बाहेर स्टुलावर बसून माझ्यासाठी प्रार्थना करत राहिल्या. म्हणाल्या, "शिव्या दे बाबा, दार उघडणार न्हाय."

आज सकाळी त्यांनीच दार उघडलं. "जा, जरा फिरून ये." फाटकापर्यंत गेलो. समोरच्या बोळात गुत्ता हाय. पाय तिकडंच वळायला लागले. फाटकाचे गज घट्ट धरले आणि "प्रभू, धर मला" एवढंच म्हणत राहिलो. मग माघारी आलो. "बाई, कुलूप घाला," म्हटलं. त्यांनी किल्ली फिरवली.

धाकटीचा खोकला गेला का? तुझे बाबा अजून माझं नाव काढू देत न्हाईत का?

नाताळला मी येतोय, असं पोरींना सांगू नकोस. फाटकाबाहेर पडायची मला अजून भीती वाटते.

तुझ्या प्रार्थनेवर उभा असलेला,
शांतवन