धोत्र्याचा उतारा

२ फेब्रुवारी. कांदेलारियाचा सण.

बाळयेशूला नवा झगा घालून चर्चला नेलं. सोबत पेरणीच्या बियाण्याची टोपली. फादर सेलेरिनोंनी सगळ्यांच्या टोपल्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. माझ्या टोपलीत वर मका, घेवडा, भोपळा. खाली पाच पुरचुंड्या धोत्र्याच्या. फादरांनी विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं. विचारलं नाही. म्हणजे पाप नाही.

झगा यंदा घरीच शिवला. अख्ख्या अत्लिश्को गावात बाळयेशूचे झगे ओब्दुलिया शिवते, आणि तिच्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही. गळा किंचित अरुंद झाला. हेर्मिला वन्सं म्हणाल्या, बाळाला ठसका लागल्यासारखा दिसतोय. वन्सं ह्यांच्या थोरल्या बहीण. बोलणं पहिल्यापासून असंच.

३ फेब्रुवारी

डोकं शांत ठेवून एकदा लिहून काढते.

लोक म्हणतात, हे मला सोडून गेले. सोडून जाणं वेगळं आणि नेलं जाणं वेगळं. बावीस वर्षं माझ्या हातच्या घेवड्याला ज्यांनी कधी नाव ठेवलं नाही, ते शुद्धीवर असताना शिवणकामवालीकडे राहायला जातील? ओब्दुलियानं ह्यांना धोत्रा पाजलाय. कॉफीतून. धोत्रा पाजलेला पुरुष कसा दिसतो ते बाजारात कुणालाही विचारा: हसरा, गरीब, बाईच्या मागून पिशवी घेऊन चालणारा. नाताळाआधी मी स्वतः पाहिलं. ह्यांच्या हातात पिशवी होती, आणि वर हे हसत होते. माझ्याबरोबर कधी धरली नाही.

जडीबुटीवाल्या म्हाताऱ्या चोनानं उतारा सांगितला. ज्या जातीचा धोत्रा पाजला त्याच जातीचं फूल, लग्नाच्या बायकोनं स्वतः बी पेरून वाढवलेलं, पुरुषानं आपल्या घरच्या अंगणात हुंगलं, की सगळं उतरतं. आता कुठली जात पाजली ते मला कसं कळावं? म्हणून पाचही. शेताच्या बांधावरचा गुळगुळीत पानांचा. करड्या लवेचा. घशाशी जांभळा असतो तो. नर्सरीतला गडद जांभळा, झग्यात झगा घातल्यासारखा. आणि पाणथळीतला, पोकळ दांड्याचा.

ईस्टरला रोपं, जूनअखेर फुलं, जुलैत हे.

बियाण्याचा खर्च हिशेबात औषधपाण्याखाली टाकला.

१९ फेब्रुवारी

बी भिजत घातलं. रोज सकाळी पाणी बदलते. उपासकाळासाठी साखर सोडली आहे, ती वाचलेली साखर ह्यांच्यासाठी साठवते. त्यांना कॉफी गोड लागते.

कुंड्या आणल्या नाहीत. लोणच्याच्या मिरच्यांचे रिकामे डबे आहेत की. माती परसातलीच.

१२ मार्च

उगवले! बांधावरच्या डब्यात सात, करड्याच्या डब्यात चार. आणखी तीन आठवडे लागतील असं चोना म्हणाली होती. माझा हात चांगला आहे, हे आईसुद्धा म्हणायची.

२९ मार्च

टोमॅटो आहेत. अकराही. परसातल्या मातीत जुनं बी असणार.

वन्सं म्हणाल्या, वहिनी, नवरा नाही तर नाही, चटणी तरी होईल. उत्तर दिलं नाही. पवित्र आठवडा आहे.

९ एप्रिल

पुन्हा पेरलं. या वेळी माती कढईत भाजून घेतली. घरभर असा वास सुटला की शेजारीण विचारायला आली, काय करपलं. म्हटलं, काही नाही, मिरच्या.

करड्या धोत्र्याच्या बियांना टोकाशी पांढरं मऊ बोंड असतं. मुंग्यांना ते फार आवडतं. हे मला आज कळलं. रांग भिंतीपलीकडे गेली होती आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक बी. पवित्र पाणी शिंपडलेलं बी.

मुंग्यांवर राग धरू नये. पण धरला.

२६ एप्रिल

पापनिवेदनाला गेले. फादरांनी विचारलं, प्रिस्का, जादूटोणा करतेस असं ऐकतो. मी म्हणाले, बागकाम करते. त्यांनी दहा नमो मारिया म्हणायला लावल्या. बागकामाला जरा जास्त वाटल्या, पण वाद घातला नाही.

येताना ओब्दुलियाच्या गल्लीवरून आले. रस्ता तोच जवळचा पडतो. (पडत नाही, पण सावली आहे.) मुद्दाम बघितलं नाही. खिडकीत ह्यांचा निळा शर्ट वाळत होता, कॉलर उलटून शिवलेली. कॉलर झिजली होती ते मलाही ठाऊक होतं. करणारच होते.

१७ मे

बांधावरचा आला. घशाशी जांभळा तोही आला. झग्यात झगावाल्याचं एकच रोप. पाणथळीतला कपडे धुण्याच्या टबात ठेवलाय. त्यामुळे कपडे वन्संकडे धुते. करड्याचं माझ्या डब्यात एकही नाही, पण भिंतीपलीकडे, जिथे मुंग्या बी घेऊन गेल्या, तिथे दाट उगवलाय. मी एवढं पाणी घातलं, मुंग्यांनी काहीच केलं नाही.

शेजारणीची परवानगी घेऊन एक रोप खणून आणलं. मुंगीनं पेरलं तर उतारा चालेल का, हे चोनाला विचारलं. ती म्हणाली, चालेल, पण मेणबत्ती वेगळी लागेल. मेणबत्ती तिच्याकडेच मिळते.

१३ जून. संत अँटनी.

मूर्ती उलटी ठेवली आहे, डोकं खाली. नवरा मिळावा म्हणून पोरी ठेवतात तशी नव्हे. तळाची धूळ पुसायला उलटी केली. सुलटी करायची घाई नाही.

पाऊस वेळेवर सुरू झाला. ह्यांच्या बाजूची उशी उन्हात घालायची राहिली.

४ जुलै

बोटाएवढी हिरवी अळी. जांभळ्या झग्याचं अर्धं झाड खाल्लं. अशी अळी आपोआप येते की पाठवली जाते, हा प्रश्न आहे. वन्सं म्हणाल्या, तिला शिवणकामातून अळ्या पाठवायला सवड कुठली. वन्सं कोणाच्या बाजूला आहेत ते कधी कधी कळत नाही. पण अळी त्यांनीच काढली, हातानं.

१८ जुलै

काल संध्याकाळी बांधावरचा उमलला.

पांढरा. मंद वास. मी खुर्ची घेऊन समोर बसले. सगळं ठीक होणार असं इतकं स्पष्ट वाटलं की दोन माणसांचा भात केला.

सकाळी फूल ओल्या रुमालासारखं लोंबत होतं.

अडचण लक्षात आली. धोत्रा संध्याकाळी उमलतो. हे संध्याकाळी इथे नसतात.

२६ जुलै, रविवार

वन्संकडून निरोप पाठवला की गॅसचं सिलिंडर मला उचलवत नाही. हे आले. सकाळी अकरा वाजता. मी म्हणाले होते संध्याकाळी. वन्सं म्हणाल्या, मी तसंच सांगितलं होतं, पण संध्याकाळी ते दोघं चौकात बँड ऐकायला जातात.

बँड. बावीस वर्षांत बँडचा आवाज सहन होत नाही म्हणायचे.

सिलिंडर जोडून दिलं. मी त्यांना फुलापाशी नेलं, हुंगा म्हटलं. उतरलेलं फूल, कसला वास. तरी हुंगलं. शिंकले आणि गेले.

चोना म्हणाली, शिंक आली म्हणजे आत हललं. मलाही तसंच वाटतं. दारात जरा थांबले होते. (बुटाची नाडी बांधायला. पण थांबले होते.)

२३ ऑगस्ट

आता चार जाती फुलतात. जांभळा झगासुद्धा, उरलेल्या अर्ध्या झाडावर. पाणथळीतला तेवढा नुसताच वाढतोय. बांधावरच्याची काटेरी बोंडं वाळून चार फाकांत उकलली.

ह्यांचं काम पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचं. मंगळवारी आमचा पंप बिघडणार आहे.

२५ ऑगस्ट, मंगळवार

पंप बिघडला. पान्यानं.

निरोप असा पाठवला की प्यायला पाणी नाही. हे कामावरून थेट आले, सूर्य मावळायच्या सुमाराला. मी अंगणात खुर्ची टाकली, चारी बाजूंना चार झाडं. कॉफी केली, साठवलेल्या साखरेची. पंपाशी दोन मिनिटं गेली असतील. हात पुसत आले. स्क्रू सैल झाला होता म्हणाले. कुणी केला ते विचारलं नाही. बसले. कॉफीला साखर जास्त झाली म्हणाले, हल्ली कमी घेतो.

मग फुलं उमलायला लागली. एकेक, डोळ्यांसमोर, पाकळ्या पीळ सोडत जातात तशी. हे वाकून बघत राहिले. एकेकाचा वास घेतला, चौघांचाही. चेहरा मऊ झाला. मी श्वास धरून बसले होते. मनात संत अँटनींना सांगितलं, आज तुम्हाला सुलटं करते.

हे म्हणाले, "प्रिस्का, ह्याचं थोडं बी देशील? ओब्दुलियाच्या अंगणात काहीच नाही गं. तिला आवडेल."

मला आधी समजलंच नाही. मी म्हणाले, "तिच्याकडे धोत्रा असेलच की."

"तिच्याकडे तुळशीएवढं रोप नाही. तिला नावही ठाऊक नसेल."

"मग तुम्हाला पाजलं काय तिनं?"

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ माझ्याकडे, मग झाडांकडे, मग डब्यांकडे पाहत राहिले. त्यांना सगळं कळलं असावं.

"मला कुणी काही पाजलं नाही," ते म्हणाले. "मी माझ्या पायांनी गेलो."

मी विचारलं, घेवडा बिघडत होता का. नाही म्हणाले. घर अस्वच्छ होतं का. नाही म्हणाले. मग काय. तर म्हणाले, काहीच नाही, प्रिस्का, तुझं काहीच चुकलं नाही. आणि डोळे पुसले. मी त्यांना रडताना त्यांच्या आईच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर आज.

पंप छान चालतोय.

२७ ऑगस्ट

बोंडातलं बी सोडवलं. तव्यावर जरा शेकून द्यावं, म्हणजे उगवणार नाही, असं मनात आलं. तवा तापतसुद्धा ठेवला. मग खाली उतरवला. चांगलं बी होतं, मी वाढवलेलं.

पुडीवर लिहिलं: आधी भिजवा, रोज पाणी बदला, माती भाजून घ्या, मुंग्यांपासून जपा, टोमॅटो उगवला तर निराश होऊ नका. खाली हेही लिहिलं, की पोटात गेलं तर विष आहे, हात धुवावेत. वन्सं पुडी घेऊन गेल्या. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. हे त्यांच्या स्वभावात नाही.

१० सप्टेंबर

वन्सं सांगत होत्या, ओब्दुलियानं दाराशी कुंड्या मांडल्यात. विकतच्या. मातीच्या. निळ्या रंगवलेल्या.

आमचे डबे गंजले.

१५ सप्टेंबर

गाव चौकात लोटलंय. आज स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्रीचा जयघोष, मग आतषबाजी. वन्सं न्यायला आल्या होत्या. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

टबातल्या पाणथळीच्या धोत्र्याला पहिली कळी आली होती. पाचवी जात. तीच राहिली होती. दिवेलागणीला उमलली, सगळ्यांत मोठी, कडांना जांभळट. उताऱ्याला आता माणूस नाही. म्हटलं, उमललंय तर वाया कशाला घालवायचं. मीच टबाशी गुडघे टेकले आणि पोटभर वास घेतला. ह्यांचं नाव विसरेन, चेहरा विसरेन, असं काही होतंय का ते बघत बसले. बँड ऐकू येत होता.

काही उतरलं नाही. मलाही कुणी काही पाजलेलं नव्हतं.