पन्नास स्टेशनं आणि सात वेढे

मंगळवार, ३ तारीख
वही आणून अकरा दिवस झाले, लिहायला आज बसलो. पेन शोधायला गेलो तर सायकलची जुनी चेन सापडली, ती तेल लावून लख्ख केली. सायकल नाही, तो भाग वेगळा.

आता मुद्द्याचं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बोटकाकांनी (जहाजावर तीस वर्षं वायरलेस सांभाळला) स्वतःचा रेडिओ मला वापरायला दिलाय. रविवारपर्यंत पन्नास परदेशी स्टेशनं ऐकून वेळेसकट नोंदवायची. मग ते जहाज कंपनीला चिठ्ठी देणार आणि मी शिकाऊ ऑपरेटर! अट एकच. माईकचं बटण दाबायचं नाही. ते दाबलं की ऐकणं बंद आणि आपला आवाज हवेत. मला लायसन नाही, सेट त्यांच्या नावावर. काका म्हणाले, तू बोललास की माझं लायसन गेलं, आणि बाबा, या वयात माझ्याकडे तेवढंच उरलंय.

ताई म्हणाली, गिटार झाली, फोटोग्राफी झाली, मोटार दुरुस्ती झाली, आता हे शेवटचं. नाही जमलं तर सोमवारपासून भाऊजींच्या लाँड्रीत इस्त्री. म्हटलं, सोमवारी मी समुद्रावर असेन. म्हणाली, आधी आंघोळीला जा.

आजची स्टेशनं: अकरा.

बुधवार, संध्याकाळी ७
आणखी तीन. पण हात शिवशिवतात. अंगठा बटणावर टेकवून पाहिला. नुसता टेकवला.
संकल्प: मोहाचं मूळच उपटायचं. माईक सुतळीने टेबलाच्या पायाला करकचून बांधला. सात वेढे, वर गाठ. काकांचा ऊर भरून येईल.

गुरुवार, दुपारी ४
काही नाही. खरखरसुद्धा नाही. सूर्यावर डाग पडले की लहरी बिघडतात, असं पुस्तकात आहे. सूर्याकडे पाहिलं. डाग दिसले नाहीत, नंतर अर्धा तास ताई हिरवी दिसली.
सेटवर मात्र एक लाल दिवा लागलाय, आधी लागत नव्हता. सेट गरमही होतो. म्हणजे यंत्र मन लावून राबतंय. कामचुकार सूर्यच.

शुक्रवार, ५ वाजता
अँटेनाची तार हलवायला गच्चीवर गेलो. तिथे कबुतराचं घरटं होतं, दोन अंडी. त्यात दुपार गेली.
स्टेशनं चौदाच.
भाऊजी टेबलापाशी येऊन बसले. कुजबुजले, की गिऱ्हाइकाचा कोट इस्त्रीखाली जळाला, त्याला तसाच दिसणारा दुसऱ्याचा कोट देऊन टाकलाय. तुझ्या ताईलासुद्धा बोलू नकोस, नाहीतर माझी इस्त्री होईल. म्हटलं, भाऊजी, ही भिंत आणि मी.

शनिवार, दुपारी २
अजून शांतता. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उद्या दहाला काकांना वही दाखवायची.
निर्णय: उरलेली छत्तीस स्टेशनं मनानेच लिहायची. ऐकू आली असती तर लिहिलीच असती, म्हणजे खोटं असं नाही. मोठ्याने बोलत बोलत लिहिली, म्हणजे आपल्यालाही खरी वाटतात. काकांचे डोळे अधू आहेत, त्यांना काय कळतंय, हेही बोलून गेलो. थोडं टोचलं. मग चहा घेतला.
ताईने जिन्यातून विचारलं, कोणाशी बोलतोयस रे? म्हटलं, कोणाशीच नाही.

रविवार, सकाळी ९.१०
आंघोळ केली. शर्टाला भाऊजींची इस्त्री. वही पूर्ण. समुद्र, आलोच!

९.२५
दारात एक गाडी थांबली. टपावर गोल अँटेना. ताई धापा टाकत वर आली. म्हणाली, एक साहेब आलेत, हातात कसलंसं यंत्र आहे. ह्यांना विचारतायत, कोट जळाला ती लाँड्री हीच का? आणि तुझी छत्तीस स्टेशनं लिहून झाली का? भाऊजी खुर्चीत बसलेत. कुठला कोट रे?

लाल दिव्याकडे पाहिलं. मग टेबलाखाली. सुतळीचा चौथा वेढा बरोबर बटणावरून गेलाय.

बुधवारपासून.

९.३०
गाठ सुटत नाहीये. कात्री खाली लाँड्रीत. जिन्यात दोन माणसांची पावलं. ताई पुन्हा ओरडली, अरे, बोटकाका पण आलेत. अनवाणीच आलेत.